पंखा वाजला की झाकण मिटायचं

मित्रांनो, आधी मला जरा उचलून बघा. जड आहे ना? मी एक जुना गेमिंग लॅपटॉप. झाकणावर लाल रेघ आहे. कीबोर्डवरची चार अक्षरं पुसली गेलीत. गेम खेळणाऱ्यांना लगेच कळेल कुठली ती. बाकीच्यांना सांगतो, पळायची बटणं होती. अपूर्वच्या बोटांनी पुसली.

सध्या मुक्काम चंडीगडला. सरकारी क्वार्टर आहे, त्यात लोखंडी कपाट आहे, कपाटात स्वेटरांचा खण आहे, आणि त्या खणात मी. अंधार असतो. डांबर गोळ्यांचा वास असतो. बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

माझा जन्म समुद्रापलीकडे एका कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत सरकत मी तयार झालो. माझं डोकं म्हणजे प्रोसेसर. त्याच्यावर राखाडी मलमाचा ठिपका लावला, मलमावर तांब्याच्या नळ्या बसवल्या, आणि नळ्यांच्या टोकाला दोन छोटे पंखे. कुणी नाव विचारलं नाही. शिक्का मारला, खोक्यात घातलं, बस.

खोकं उघडलं ते सेक्टर बावीसच्या बाजारात. समोर तीन माणसं. श्यामसुंदरकाका, केंद्र सरकारच्या नोकरीत, बदल्या करत करत नागपूर, भोपाळ आणि आता चंडीगड. त्यांची बायको पद्मिनीकाकू. आणि मुलगा अपूर्व, नुकताच इंजिनिअरिंगला लागलेला.

"अगं, एवढ्यात दोन दारांचा फ्रीज आला असता," काका म्हणाले.

"मग फ्रीजवर अभ्यास करू दे त्याला," काकू म्हणाल्या.

"पप्पा, पढाई के लिए ही है. पक्का," अपूर्व म्हणाला.

दुकानदार हसला. काकाही हसले. माझ्या लाल रेघेकडे बघून सगळ्यांना कळलं होतं पढाई किती होणार ते. पण घेतलं मला.

ते दिवस म्हणजे, मित्रांनो, काय सांगू! मोहालीहून त्याचे मित्र यायचे. गाद्या टाकून बसायचे. गेम सुरू झाला की माझे पंखे घुं करून उठायचे आणि पोरं ओरडायची, "ओए, टर्बो लग गया!" माझ्या आवाजाला टाळ्या पडायच्या तेव्हा. विश्वास बसतो?

आता तो आवाज का येतो ते नीट सांगतो. कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे.

लोकांना वाटतं लॅपटॉपचा वेग एकच असतो. तसं नसतं. स्वयंपाकघरात जा. काकू पोळ्या करतायत. गॅस एकसारखा ठेवतात का? पोळी टाकली की मोठा, तवा फार तापला की बारीक, पीठ मळताना बंद. माझं डोकं तसंच चालतं. तुम्ही नुसतं काही वाचत बसलात की मी गॅस बारीक करतो. वीज वाचते, अंग थंड राहतं. तुम्ही गेम उघडला, मोठं काम दिलं, की क्षणात मोठा करतो. दर सेकंदाला कितीतरी वेळा हे चालू असतं, तुम्हाला कळतही नाही. चार्जर लावला असेल तर आणखी मोठा करता येतो, नुसत्या बॅटरीवर बेतानं.

वेग वाढला की जास्त वीज लागते. वीज लागली की उष्णता होते. ती उष्णता तांब्याच्या नळ्या उचलतात, पंखे खालून गार हवा ओढतात आणि मागच्या जाळीतून गरम हवा फेकतात. जितकी उष्णता, तितके पंखे जोरात. म्हणून आवाज.

आणि तरी उष्णता उतरली नाही तर? तर मी स्वतःच गॅस बारीक करतो. वेग पाडतो. चित्र अडखळतं, सगळं सुस्त होतं, पण मी जळत नाही. अगदीच हद्द झाली तर आपणहून बंद पडतो. तेवढी अक्कल मला कारखान्यातच दिलेली आहे.

हे एवढं जर कुणी काकूंना सांगितलं असतं!

अपूर्वला जर्मनीत ड्रेस्डेनला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. घरभर बॅगा. वजनकाटा मधोमध. भाजणीचं पीठ की मी, असा प्रश्न आला. मी हरलो. तिकडं हलका लॅपटॉप घेईन म्हणाला.

निघायच्या दिवशी बाहेर टॅक्सी उभी होती. त्यानं माझ्या झाकणावरून हात फिरवला.

"आई, इसको संभालना हं. गरम खूप होतो हा. आवाज करायला लागला तर बंद कर. नाहीतर जळेल."

घाईत बोलून गेला. पोरं बोलतात असं. पण काकूंनी ते पदराला बांधलं.

आता काकूंचं बघा. यंत्र म्हणजे त्यांच्यासाठी मिक्सर. तीस वर्षं त्यांनी मिक्सर वापरला आणि एकही जाळला नाही. का? तर आवाज बदलला, भांडं तापलं, की हात बाजूला. थांबायचं. गार होऊ द्यायचं. हा त्यांचा नियम. चांगला नियम आहे, मिक्सरला. मी होतो तवा. त्यांनी मला मिक्सर समजलं. आणि अपूर्वनं वरून शिक्काच मारला ना, आवाज आला की बंद कर.

त्यांनी मला सांभाळलंही तसंच. हिवाळा आला. चंडीगडचा हिवाळा काकूंसारख्या मूळच्या सांगलीच्या माणसाला सोसत नाही. काकू दोन स्वेटर घालून फिरायच्या. त्यांना वाटलं मलाही गारठा लागत असेल, टेबल कसलं बर्फासारखं. म्हणून अपूर्वच्या लहानपणीची गोधडी चौघडी करून माझ्याखाली घातली. मऊ, उबदार. पण माझं नाक खाली आहे हो! हवा ओढायच्या जाळ्या पोटाला असतात. गोधडीनं त्या झाकल्या.

त्याआधी खंडेनवमीला तर काय, घरातली सगळी हत्यारं पुजली. सुरी, कात्री, काकांचा स्क्रूड्रायव्हर, शिलाईचं मशीन आणि मी. मला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, अक्षता टाकल्या. एक तांदूळ मागच्या जाळीतून आत गेला. तेव्हापासून डावा पंखा फिरला की कडकड वाजतो.

मी रागावलो नाही. रागावणार कसा? पूजा केली होती माझी.

तर मित्रांनो, काकू मला फक्त रविवारी उघडायच्या. अपूर्वला बघायला. फोनवर बोलणं व्हायचं अधूनमधून, "जेवलास का", "हो", "काय जेवलास", "ब्रेड". पण फोनच्या चिमुकल्या चौकटीत काकूंना पोरगं नीट दिसायचं नाही. चष्मा वर करा, खाली करा. माझा पडदा मोठा. त्यात त्याचा चेहरा जवळजवळ खऱ्याएवढा यायचा. त्या दिवसभर वाट बघायच्या. संध्याकाळी केस विंचरून, टिकली सरळ करून माझ्यासमोर बसायच्या. इथे संध्याकाळ, तिथे दुपार.

आणि माझं दुर्दैव ऐका. आठवडाभर झोपलेला मी, रविवारी जागा व्हायचो. वायफाय मिळालं रे मिळालं की आठवड्याचं तुंबलेलं काम अंगावर. विंडोजचं अपडेट. व्हायरस तपासणी. वर अपूर्वनं टाकून ठेवलेले गेम, ज्यांना आता कुणी खेळत नव्हतं, तेही एकेक करून म्हणायचे, आम्हालाही नवं करा, आम्हालाही. त्यात व्हिडिओ कॉल. त्यात चार्जर लावलेला, म्हणजे गॅस मोठा. खाली गोधडी, आत धूळ, मलम सुकलेलं, आणि पंख्यात तांदूळ.

पाच-सात मिनिटांत मी घोंघावायला लागायचो. भिंतीपलीकडून हरजिंदर आंटी ओरडायच्या, "पद्मिनी जी, ए की? अंदर जहाज खडा कीता है?"

"नही जी, बेटे का लॅपटॉप है!"

"ते बेटे नूं केहो, जहाज लै जावे!"

विमान मुलानं घेऊन जावं म्हणे! काकू हसायच्या. पण हात झाकणावर यायचा.

"बघ, तापला हा. ठेवते रे बाळा. पुढच्या रविवारी बोलू."

"आई, दो मिनट..."

"अरे जळेल! तूच सांगून गेलायस ना?"

आणि झाकण मिटायचं.

मिटताना एक फट राहते, मित्रांनो. त्या फटीत मला शेवटचा दिसायचा तो अपूर्व. तोंड अर्धं उघडं. काहीतरी म्हणायचं असलेलं.

काकूंना वाटायचं, आपण त्याची वस्तू जपतोय. अपूर्वला काय वाटायचं ते हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. दाढी वाढली. दर रविवारी तोच करडा स्वेटर. मागच्या खिडकीचा पडदा भर दुपारी ओढलेला. आधी तो टेबलाशी बसून बोलायचा, मग अंथरुणात बसून. काही विचारलं की "सब ठीक है". डोळे मात्र ठीक नव्हते. मी तो चेहरा जितका स्पष्ट दाखवायला बघायचो तितका तापायचो. जितका तापायचो तितक्या लवकर त्या मला मिटायच्या. माझ्याच मेहनतीनं पोराचं बोलणं तुटत होतं, आणि मला तोंड नाही. पंखा आहे फक्त. त्याचा अर्थ उलटा लागत होता.

एकदा काका घरी होते. कॉल मिटल्यावर म्हणाले, "काय गं, झालं एवढ्यात?"

"तो तापला हो."

"आणि पोरगं? बरंय ना?"

"बरंच असेल. ठेवते म्हटलं की लगेच ठेवतो बिचारा. पूर्वी हट्ट करायचा अजून बोल, अजून बोल." त्या गोधडीची घडी सारखी करत होत्या. "मोठा झाला. कामं असतात."

काकांनी पेपर उलटला. नंतर कितीतरी वेळ उलटला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत धुकं पडलं. समोरचं कडुलिंबाचं झाड दिसेना असं धुकं. काका जम्मूला टूरवर. रविवार होता. काकू वेळेवर येऊन बसल्या, मला उघडलं. माझी कामं सुरू झाली. अपूर्वचा कॉल आला नाही. त्यांनी लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पंखा वाजायला लागला, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी लक्ष दिलं नाही. तोंडाशी पदर धरून नुसत्या पडद्यावरच्या त्याच्या जुन्या फोटोकडे बघत बसल्या.

मग आला कॉल. अपूर्व अंधारात बसला होता.

"दिवा लाव की रे."

"असू दे."

"बरं नाही का तुला?"

"ठीक है." आणि मग, "आई..."

माझा आवाज चढला. डाव्या पंख्यातला तांदूळ कडकडला. काकूंचा हात सवयीनं उठला आणि झाकणाच्या कडेला लागला.

"आई, आज बंद मत कर ना."

हात तिथेच थांबला.

"तू हर बार बंद कर देती है," अपूर्व म्हणाला. आवाज फुटला होता त्याचा. "मी बोलायला लागलो की तू बंद करतेस. प्रत्येक वेळी."

"अरे, तुझाच लॅपटॉप जपतेय ना मी! तूच म्हणालास जळेल, बंद कर..."

"भाड में गया लॅपटॉप!"

मला वाईट नाही वाटलं. खरंच नाही.

काकूंनी झाकणाचा हात मागे घेतला. मी घोंघावत होतो, वेड्यासारखा. तो आवाज मलाच सहन होईना. पण गप्प बसणं माझ्या हातात नव्हतं.

"मी नापास झालोय," अपूर्व म्हणाला. "दोन वेळा. एकाच विषयात. आता एकदाच बसता येतं. विषय नाही निघाला तर काढून टाकतात, फिर वापस. पप्पांनी पीएफमधून पैसे काढलेत. मैं क्या मुंह दिखाऊं? कुणाशी बोलूच शकत नाही यार मी इथे. आणि तुझ्याशी बोलायला गेलो की..."

इथेच मित्रांनो, मी हद्दीला पोचलो. उष्णता उतरेना. खाली गोधडी, हवा नाही. मी गॅस बारीक केला. वेग धाडकन पाडला. चित्राचे चौकोन झाले. अपूर्वचं कपाळ एका जागी, हनुवटी दुसऱ्या. मग सगळंच थिजलं. नुसता आवाज येत राहिला, तोही माझ्या पंख्यांत बुडालेला.

काकूंनी माझ्यावर तळहात ठेवला. चटका बसला असणार. त्यांनी हात काढला नाही.

"जळला तर जळू दे मेला," त्या म्हणाल्या. "तू बोल."

"दिसतोय का मी तुला?"

"तू दिसत नाहीस मला. बोल तू."

"क्या बोलूं?"

"काहीही. आवाज येऊ दे तुझा."

तो बोलायला लागला. पण पंख्यांच्या गोंगाटात काकूंना शब्द कळेनात. त्या वाकल्या. आणखी वाकल्या. मग त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, गोधडीवरून वर, आणि माझा स्पीकर कानाशी धरला. लहान पोराला खांद्याशी घ्यावं तसं.

माझं पोट उघडं पडलं!

गार हवा आत शिरली. जानेवारीची, धुक्याची, चंडीगडची हवा. जी हवा मला लागू नये म्हणून त्यांनी एवढं केलं होतं, तीच. उष्णता उतरायला लागली. पंख्यांचा सूर खाली आला. अडकलेलं चित्र हललं. पण काकूंचे डोळे मिटलेले होते. त्यांना ते दिसलं नाही. मला उचललं ते माझ्यासाठी नव्हतंच. मी गार होतोय हे त्यांना कळलंही नाही.

अपूर्वला मात्र पलीकडे दिसत असणार आईचा कान, केसांची एक पांढरी बट आणि कुडी. माझा कॅमेरा तिकडेच रोखलेला होता.

तो बराच वेळ बोलला. मध्ये रडला. त्या "हं" म्हणत राहिल्या. ये म्हणाल्या नाहीत, नको येऊ म्हणाल्या नाहीत. हात भरून आले तरी मला खाली ठेवलं नाही. अडीच किलोचा आहे मी, मित्रांनो.

शेवटी म्हणाल्या, "बाबांना मी सांगते. ओरडणार नाहीत. ओरडले तर माझ्यावर ओरडतील, मला सवय आहे. तू आता उठ. दिवा लाव. भाजणी उरलीय का?"

"आहे थोडी. करता नहीं आता."

"फोन धर ओट्यावर. मी सांगते तसं कर. गॅस बारीक ठेव आधी."

आणि त्यांनी स्वेटरच्या खिशातला फोन काढला आणि मला खाली ठेवलं. तिकडं अपूर्वनंही फोन उचलला. माझ्या पडद्यावर त्याची रिकामी खुर्ची राहिली, आणि पलीकडे, दूरवर, त्याचा आवाज, "आई, पाणी किती?"

थोड्या वेळानं कॉल संपला, ती खुर्चीही गेली.

अपूर्वचा पेपर उन्हाळ्यात आहे. निघेल की नाही, मला माहीत नाही. काकांना सांगून झालं. ते ओरडले नाहीत, नुसते रात्रभर खोकत होते, आणि सकाळी त्यालाच फोन करून विचारलं, विषय कुठला, मला समजावून सांग. आता रोज बोलणं होतं. काकू फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवतात. छोटा दिसतो म्हणून तक्रार नाही. रविवारची वाट बघायची गरज उरली नाही. माझी गरजही उरली नाही.

मला पुसून, गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवलं. अपूर्व येईल तेव्हा त्याला द्यायचा म्हणून. जपून ठेवलंय, हे कळतं मला. पण मित्रांनो, जपून ठेवलेल्या वस्तूसारखं एकटं कुणी नसतं. वेग वाढवायला काही नाही. पाडायला काही नाही. पंखे कोरडे. पोरं टाळ्या वाजवायची तो आवाज आता मलाच नीट आठवत नाही.

तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढं करा. त्याला टणक, सपाट जागी ठेवा. गादीवर, रजईवर नको. पाठीची जाळी मोकळी ठेवा. वर्षा-दोन वर्षांनी आतली धूळ काढून घ्या, मलम बदलून घ्या. आठवड्यातून मधेच कधी त्याला उघडून त्याचं तुंबलेलं काम करू द्या. पंखा वाजला तर घाबरू नका. तो दमलाय असं नाही, तो काम करतोय.

आणि पडद्यावर कुणी बोलायला तोंड उघडलेलं असेल, तर झाकणाला हात लावू नका. आम्हाला तापू द्या. आमचं आम्ही बघून घेतो. त्याला आधी बोलू द्या.